वाचकांचे प्रश्न : सीमेवरच्या एट्रुस्कन वस्त्यांतील अंत्यविधी

मागील अंकात इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या आरंभकाळावर एक लेख प्रसिद्ध झाला होता. उत्तरेला आर्नो, दक्षिणेला तिबेर आणि पश्चिमेला समुद्र यांच्या मधला प्रदेश, म्हणजे एट्रुरिया, ही या लोकांची मूळभूमी होय, परंतु इ.स.पू. नवव्या शतकापासूनच त्यांच्या काही वस्त्या या भूमीबाहेर, वेगळ्या भाषा बोलणाऱ्या आणि वेगळे रीतिरिवाज पाळणाऱ्या शेजाऱ्यांच्या मधोमध उभ्या राहिलेल्या आढळतात, असे त्यात सांगितले होते. त्यावर ठाणे आणि नवी मुंबई येथून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख या वस्त्यांतील थडग्यांकडे आहे. या काळातील माणसांनी स्वतःविषयी लिहिलेले जवळजवळ काहीच उरलेले नाही. त्यांनी आपल्या मृतांना कसे पाठवले, एवढेच आपल्या हाती आहे. म्हणून हा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे.

नौपाडा, ठाणे येथील एक निवृत्त शिक्षक विचारतात : हे लोक मृतांचे दहन करीत, असे लेखात म्हटले आहे. पुढे मात्र त्याच दफनभूमीत न जाळता पुरलेले सांगाडेही सापडल्याचा उल्लेख येतो. मग दहन झालेले ते एट्रुस्कन आणि पुरलेले ते स्थानिक, असे मानायचे का?

असे मानण्याचा मोह पुष्कळ जुन्या अभ्यासकांनाही झाला होता. परंतु पुरावा इतका सरळ नाही. प्रथम मूळ विधी कसा होता ते पाहू. बोलोन्या शहराजवळच्या व्हिलानोव्हा या गावी जोव्हान्नी गोत्साद्दिनी यांनी १८५३ पासून उत्खनन केले आणि तेथे १९३ थडगी उजेडात आली. त्यांतील बहुसंख्य दहनाची होती. या गावावरूनच इ.स.पू. सुमारे ९०० ते ७२० या काळातील आरंभीच्या एट्रुस्कन संस्कृतीला व्हिलानोव्हा संस्कृती म्हणतात. चिता विझल्यावर अस्थी वेचून त्या मातीच्या एका विशिष्ट कुंभात ठेवीत. या कुंभाचा आकार दोन निमुळते भाग रुंद बाजूंनी एकमेकांना जोडावेत तसा असे. त्याला दोन कान असले, तर पुष्कळदा त्यांतला एक मुद्दाम तोडलेला आढळतो. तोंडावर वाडगा पालथा घालीत. काही पुरुषांच्या बाबतीत वाडग्याऐवजी तुरा असलेले कांस्य शिरस्त्राण किंवा त्याची मातीची प्रतिकृती ठेवलेली दिसते. मग हा कुंभ जमिनीत खणलेल्या लहानशा खड्ड्यात उतरवीत आणि सोबत वस्तरा, वस्त्र अडकवायचा काटा, टकळीची चकती अशा मोजक्या वस्तू ठेवीत. काही ठिकाणी कुंभावर वस्त्र पांघरलेले आणि गळ्याशी अलंकार घातलेले आढळले आहेत. जळून गेलेल्या देहाच्या जागी कुंभालाच देह मानण्याची ही कल्पना आहे, असे बहुतेक अभ्यासक म्हणतात आणि मलाही ते पटते, कारण त्याखेरीज मातीच्या भांड्याला कपडे घालण्याचा अर्थ लागत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. एकाच दफनभूमीत दोन पद्धती दिसल्या, म्हणजे तेथे दोन वंश होते, हा निष्कर्ष आपण मराठी माणसांनी तरी घाईने काढू नये. दहनाची रीत असलेल्या आपल्या घरांतही तान्ह्या मुलाला पुरतात, संन्याशाला समाधी देतात, आणि शेजारच्या लिंगायत कुटुंबात दफनाचीच परंपरा असते. वय, आश्रम, पंथ, मृत्यूचे कारण अशा कितीतरी गोष्टींवरून एका गावात, कधी एका घराण्यातही, दोन विधी शेजारी शेजारी नांदतात. तीन हजार वर्षांनंतर एखाद्याने ती जमीन खणली आणि भाषा व पंथ यांविषयी त्याला काहीच ठाऊक नसले, तर तो दोन वेगळ्या जमातींची कहाणी रचू शकेल.

इटलीतही तसेच आहे. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे प्राचीन नगराच्या मुख्य चौकात, जाकोमो बोनी यांनी १९०२ मध्ये जी प्राचीन दफनभूमी शोधली, तिच्यात दहन आणि दफन दोन्ही आहेत, आणि त्या दोन विधींवरून तेथे दोन वेगळे समाज होते असे आज कोणी ठामपणे सांगत नाही. खुद्द एट्रुरियाच्या दक्षिण भागात आठव्या शतकात दफनाचे प्रमाण वाढत गेले आणि सातव्या शतकात दगडी दालनांची मोठी थडगी आली. उलट उत्तरेकडच्या क्युसी येथे दहन टिकून राहिले, इतके की सातव्या आणि सहाव्या शतकांत तेथील अस्थिकुंभांना माणसाच्या डोक्याच्या आकाराची झाकणे घालू लागले. दोन्हीकडची माणसे एकच भाषा बोलत होती. तेव्हा विधी हा भाषेचा किंवा वंशाचा शिक्का नव्हे, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

तरीही सीमेवर विधीचा फरक बोलका ठरतो, कारण तेथे शेजाऱ्यांची पद्धत ठाऊक असते. इटलीच्या पूर्वेकडील एड्रियाटिक समुद्राजवळच्या फेर्मो या टेकडीवरील वस्तीचे उदाहरण घ्या. तिच्या सभोवती पिकेनी नावाच्या लोकांचा प्रदेश होता. पिकेनी मृतांना कुशीवर, पाय दुमडून पुरीत. फेर्मोत मात्र नवव्या शतकापासून दुहेरी निमुळत्या आकाराचे अस्थिकुंभ सापडतात, जे थेट एट्रुरियाच्या घडणीचे आहेत. त्यांच्या बरोबरीने तेथे दफनेही आहेत. दहन झालेले सगळे पश्चिमेकडून आलेल्यांचे वंशज आणि पुरलेले सगळे पिकेनी, अशी वाटणी केली तर वस्तूंचा मेळ बसत नाही. कारण दोन्ही प्रकारच्या थडग्यांत एकाच धाटणीच्या वस्तू मिळतात. एकत्र राहणाऱ्या त्या समाजात कोणाला कोणता विधी द्यायचा, हे घराणे, वय आणि मान यांवरून ठरत असावे, असे मला अधिक संभवनीय वाटते.

ऐरोलीहून एक वाचक लिहितात : एखाद्या थडग्यात दूरदेशीची वस्तू सापडली, तर ती व्यापाराने आली, भेट म्हणून आली की तो मनुष्यच परका होता, हे ठरवायचे कसे?

वस्तू कोठून आली हे पाहून अर्धेच उत्तर मिळते. तिचे काय केले, हे पाहिल्यावर उरलेले उत्तर मिळते. यासाठी वेरुक्किओपेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

रिमिनी शहराच्या मागे, मारेक्किया नदीच्या खोऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या डोंगरावर वेरुक्किओ वसले आहे. समुद्रकिनारा आणि अपेनाईन पर्वतातील वाटा या दोहोंवर या जागेचा ताबा राहत असे. मूळ एट्रुरियापासून पर्वताने तोडलेली ही वस्ती आठव्या शतकाच्या अखेरीस आणि सातव्या शतकाच्या आरंभी विलक्षण श्रीमंत झाली. येथील मातीत पाणी साचून राहिल्यामुळे इतरत्र केव्हाच कुजून गेलेल्या लाकूड, कापड, वेत अशा वस्तूही टिकल्या. लिप्पी नावाच्या दफनभूमीत १९७२ मध्ये उघडलेल्या ८९ क्रमांकाच्या थडग्यात लाकडी सिंहासन मिळाले आहे. त्याच्या पाठीवर कोरीवकाम आहे: लोकर तयार करणाऱ्या व मागावर विणणाऱ्या स्त्रिया, आणि गाड्यांतून जाणाऱ्या व्यक्ती. त्याच थडग्यात अर्धवर्तुळाकार कापलेले लोकरी अंगवस्त्र मिळाले आणि त्याच्या काठावरची बारीक वीण आजही मोजता येते. हे सारे एका पुरुषाच्या अस्थींसोबत होते. पुरुषाच्या सिंहासनावर स्त्रियांच्या विणकामाचे चित्र का असावे, यावर बरीच चर्चा झाली आहे. माझ्या मते घराण्याची संपत्ती लोकरीत आणि कापडात होती, ती घरातील स्त्रियांच्या देखरेखीखाली तयार होत होती, आणि तिचा अभिमान त्या पुरुषालाही होता, हे सरळ उत्तर पुरेसे आहे. बोलोन्यात सापडलेल्या सातव्या शतकातील कांस्याच्या एका अलंकृत पट्टीवरही लोकर कातण्या-विणण्याचीच दृश्ये आहेत, म्हणजे हा एकट्या वेरुक्किओचा लहरी विषय नव्हता.

आता परक्या वस्तूकडे येऊ. वेरुक्किओच्या थडग्यांत तृणमणी, म्हणजे ज्याला बाजारात अंबर म्हणतात तो, भरपूर सापडतो. तो बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरून, आल्प्स ओलांडून, ईशान्य इटलीतील व्हेनेती लोकांच्या प्रदेशातून येथवर पोहोचत असे. कच्चा माल इतक्या दुरून आलेला असला, तरी त्यापासून बनवलेली कर्णभूषणे आणि वस्त्रांचे काटे मात्र स्थानिक कारागिरांच्या हातचे आहेत; त्यांचे आकार बाल्टिक किनाऱ्याच्या परंपरेतले नाहीत. शिवाय हे अलंकार ज्या मृतांना दिले, त्यांचे दहनच झाले, त्यांच्या अस्थी कुंभातच ठेवल्या आणि काही कुंभांना वस्त्रही पांघरले. म्हणजे माल परका, कसब घरचे आणि विधी वाडवडिलांचा. अशा थडग्यातील मृत व्यक्तीला परदेशी म्हणण्याचे काहीच कारण उरत नाही. दूरवरचे दुर्मीळ द्रव्य आपल्याला मिळते, हे शेजाऱ्यांना आणि आप्तांना दाखवण्याची जागा म्हणजे अंत्ययात्रा होती.

याच्या उलटही घडते. वस्तू साधी आणि स्थानिक, पण ती ठेवण्याची रीत परकी असेल, तर मी अधिक थांबून विचार करीन. देहाची दिशा, हातापायांची ठेवण, अस्थी धुतल्या की नाही, भांडी मृताजवळ ठेवली की बाहेर फोडली, या गोष्टी बाजारात विकत मिळत नाहीत. त्या कोणीतरी शिकवाव्या लागतात.

घोडबंदर रस्त्यावरील एका वाचक भगिनींचा प्रश्न : आमच्या संकुलात कोकण, खानदेश, विदर्भ, आंध्र अशा सगळीकडची कुटुंबे आहेत. मृत्यूच्या प्रसंगी प्रत्येकजण आपल्या गावची रीत आठवून आठवून पाळतो, कधी कधी गावात पाळत नाहीत इतकी काटेकोरपणे. सीमेवरचे एट्रुस्कनही असेच अधिक कर्मठ होते का, की शेजाऱ्यांच्या चाली त्यांनी लवकर उचलल्या?

आपले निरीक्षण अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचे आहे. सीमेवर दोन्ही गोष्टी घडल्या, आणि बऱ्याचदा एकाच गावात, दोन-तीन पिढ्यांच्या अंतराने घडल्या.

इटलीच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, आजच्या सालेर्नो शहराजवळ, पोंतेकान्यानो आहे. नवव्या शतकात तेथे व्हिलानोव्हा संस्कृतीची वस्ती उभी राहिली. आसपासच्या डोंगराळ प्रदेशातले लोक मृतांना लांबट चरात पुरीत. ही वस्ती मात्र दहन, कुंभ आणि पालथा वाडगा या रिवाजाला धरून राहिली. आरंभीच्या पिढ्यांतील हा आग्रह आपण वर्णन केलेल्या काटेकोरपणाशी जुळतो. नव्या प्रदेशात घराची बांधणी बदलावी लागते, पिके बदलतात, रोजची भाषाही थोडी बदलते. मृताच्या बाबतीत चूक होऊ नये ही धास्ती मात्र माणसाला जुन्या रीतीकडे खेचते. हे मी केवळ तर्काने लिहीत आहे असे नाही, तेथील आरंभीच्या थडग्यांतील एकसारखेपणा तेच सांगतो.

मग आठव्या शतकात समुद्रमार्गे ग्रीक आले. नेपल्सच्या आखातातील इस्किया बेटावर, पिथेकुसाय येथे, युबिया बेटावरून आलेल्या ग्रीकांनी वस्ती केली आणि काही काळाने समोरच्या मुख्य भूमीवर क्युमे हे नगर वसवले. पोंतेकान्यानोच्या थडग्यांत ग्रीक धाटणीचे मद्यपानाचे चषक दिसू लागले. त्यामागे केवळ भांड्याची आवड नव्हती. पाहुण्याला मद्य देणे, ते पाण्यात मिसळून एकत्र पिणे हा मानाचा व्यवहार ठरत गेला आणि मृतालाही त्या व्यवहाराचे साहित्य देणे योग्य वाटू लागले. आठव्या शतकाच्या अखेरीस येथील ९२६ आणि ९२८ क्रमांकांची दोन राजेशाही थडगी बांधली गेली. क्युमेमध्ये आर्तियाको या ठिकाणी सापडलेल्या १०४ क्रमांकाच्या थडग्याशी त्यांची नेहमी तुलना होते. तेथे जळालेल्या अस्थी चांदीच्या पात्रात ठेवून ते पात्र कांस्याच्या मोठ्या भांड्यात ठेवले होते. इलियड या ग्रीक महाकाव्याच्या शेवटी ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या अस्थी जांभळ्या वस्त्रात गुंडाळून सोन्याच्या पेटीत ठेवल्याचे वर्णन आहे. त्या वर्णनाशी या थडग्यांचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल.

यावरून पोंतेकान्यानोच्या लोकांनी ग्रीक विधी स्वीकारला असे म्हणावे का? मला तसे वाटत नाही. अस्थी कापडात गुंडाळणे, पात्राला देहाचा मान देणे, शस्त्रे सोबत ठेवणे, या गोष्टी व्हिलानोव्हा परंपरेत अगोदरच होत्या. ग्रीकांच्या वीरपुरुषांचा अंत्यविधी पाहून त्यांना तो आपलासा वाटला, कारण त्याचा गाभा ओळखीचा होता; आणि मातीच्या जागी चांदी व कांस्य आले, खड्ड्याच्या जागी दगडी पेटी आली. बाहेरून आलेले जे सर्वांत लवकर रुजते, ते आपल्या जुन्या रिवाजाच्या सर्वांत जवळचे असते, असे या थडग्यांवरून दिसते. क्युमेचे थडगे ग्रीक सरदाराचे की एट्रुस्कन घराण्याशी नाते असलेल्या कोणाचे, यावर अजून वाद आहे, आणि हा वाद उद्भवू शकतो हीच दोन्ही काठांवरील उच्चकुलीनांची रीत किती सारखी झाली होती याची खूण आहे.

उत्तरेकडच्या फेर्मोचा प्रवास वेगळा झाला. मूळभूमीशी संबंध विरळ होत गेल्यावर फेर्मोतील अस्थिकुंभ मागे पडले आणि सातव्या-सहाव्या शतकांपर्यंत ती वस्ती भोवतालच्या पिकेनी संस्कृतीत मिसळून गेली. वेरुक्किओने मात्र त्याच काळात दहन सोडले नाही. या फरकाचे कारण मी व्यापारी वाटांत शोधीन. ज्या वस्तीकडे सतत नवी माणसे, माल आणि नातेवाईक येत राहिले, तिला आपली रीत राखणे सोपे गेले. जिच्याकडे येणे-जाणे थांबले, तिची रीत शेजारधर्मात विरघळली.

घणसोली गावठाणातून एक वाचक विचारतात : शहर वसण्याआधीपासून आम्ही येथे आहोत. आता आमच्या घरांत देशावरच्या, विदर्भातल्या सुना आहेत, आणि लग्नात व मर्तिकात दोन्हीकडच्या चाली मिसळतात. त्या काळीही सीमेपलीकडे सोयरिकी होत असत का? थडग्यावरून ते कळते का?

होत असत, याविषयी फारशी शंका नाही. कोणत्या थडग्यातील कोणती स्त्री परगावची होती, हे सांगणे मात्र अवघड आहे.

वुल्ची या एट्रुस्कन नगराच्या कावालुपो दफनभूमीत नवव्या शतकाच्या अखेरचे एका स्त्रीचे दहनाचे थडगे मिळाले. त्यात सार्डिनिया बेटावरच्या नुरागे संस्कृतीच्या कांस्यवस्तू होत्या: एक छोटी मानवी मूर्ती, एक चिमुकले आसन आणि एक चिमुकली टोपली. सार्डिनियात अशा वस्तू प्रामुख्याने देवस्थानांना वाहत. कोणी सहज विकायला आणाव्यात अशा त्या नाहीत. म्हणून ही स्त्री सार्डिनियातून वुल्चीत नांदायला आली असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. मलाही हा अर्थ सर्वांत जवळचा वाटतो; माहेरच्या देवाची वस्तू सोबत आणणारी सून आपल्याला अपरिचित नाही. तरी लक्षात घ्या, तिचे दहन झाले ते सासरच्या पद्धतीने, आणि अस्थी वेचल्या त्या सासरच्या माणसांनी.

पिथेकुसायमध्ये याच प्रश्नाने मोठा वाद निर्माण केला. तेथील उत्खनन करणारे जॉर्जिओ बुक्नर यांच्या लक्षात आले की, ग्रीक म्हणवणाऱ्या या वस्तीत स्त्रियांच्या वस्त्रांचे काटे जवळजवळ सगळे इटलीच्या धाटणीचे आहेत. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, पुरुष ग्रीसमधून आले आणि त्यांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले. इतर अभ्यासकांनी याला हरकत घेतली: काटा सोयीचा व सुंदर असेल, तर तो कोणीही वापरील. माझे मत मधले आहे. एकटा काटा काहीच सिद्ध करीत नाही. परंतु वस्त्र नेसण्याची पद्धत आई-आजीकडून शिकली जाते, आणि तीच पद्धत पिढ्यान्‌पिढ्या मृत मुलींनाही दिलेली दिसते, तेव्हा त्या घरांत स्थानिक स्त्रियांचा शब्द चालत होता असे मानणे वाजवी आहे.

तिबेरच्या पलीकडे, लॅटिन लोकांच्या मुलखात, ओस्तेरिया देल्लोसा येथे आठव्या शतकातील एका स्त्रीच्या थडग्यात स्थानिक घडणीचे मातीचे लहान पात्र मिळाले. त्यावर पाच ग्रीक अक्षरे खरडलेली आहेत, आणि इटलीतील अक्षरलेखनाचा हा अत्यंत जुना पुरावा आहे. व्यापारी, वाटाड्या, पाहुणा, जावई यांपैकी ती कोणी खरडली हे भांडे सांगत नाही. परंतु अक्षरे एका स्त्रीसोबत पुरण्याइतकी मोलाची वाटली, हे निश्चित आहे.

केवळ वस्तूंवरून स्त्री-पुरुष ठरवण्यातही धोका आहे. तार्क्विनिया येथे २०१३ मध्ये उघडलेल्या एका बंद थडग्यात भाल्याजवळ असलेल्या सांगाड्याला प्रथम योद्धा राजपुत्र म्हटले गेले. हाडांची तपासणी झाल्यावर तो सांगाडा ३५ ते ४० वर्षांच्या स्त्रीचा ठरला. पिथेकुसायच्या १६८ क्रमांकाच्या थडग्यात १९५४ मध्ये ‘नेस्टरचा चषक’ हा ग्रीक ओळी कोरलेला प्रसिद्ध चषक सापडला होता. ते अनेक दशके एका लहान मुलाचे थडगे मानले जात होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्या अस्थी किमान तीन प्रौढ व्यक्तींच्या निघाल्या.

माणूस कोठे वाढला, हे शोधण्याचा आता एक वेगळा मार्ग उपलब्ध आहे. खडकांच्या प्रकारानुसार आणि वयानुसार मातीतील स्ट्राँशियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्याच वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण बदलते. ते पाणी व अन्नातून शरीरात जाते आणि लहानपणी तयार होणाऱ्या दातांच्या आवरणात कायमचे राहते. दहनाने डीएनए नष्ट होतो आणि दातही सहसा फुटून जातात. तथापि पांढरी होईपर्यंत जळालेली हाडे स्ट्राँशियम चांगले जपून ठेवतात, आणि कानाच्या आतल्या भागाभोवतीचे टणक हाड बालपणीच घडून जवळजवळ न बदलता राहते. त्यामुळे कुंभातील अस्थींवरूनही ती व्यक्ती तिथेच वाढली की बाहेरून आली, याचा अंदाज घेता येतो. दोन प्रदेशांतील खडक सारखे असतील तर मात्र हा मार्ग काहीच सांगत नाही.

कोपरी, ठाणे येथील एक विद्यार्थी : एट्रुस्कन मुळात आशिया मायनरमधून (आजच्या तुर्कस्तानातून) आले होते, असे मी वाचले. मग सीमेवरच्या वस्त्याही त्याच स्थलांतराचा भाग होत्या का?

नाही. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने आशिया मायनरमधील लिडियातून आलेल्या लोकांची कथा सांगितली, तर हालिकार्नाससच्या डायोनिसियस या दुसऱ्या ग्रीक इतिहासकाराने हे लोक इटलीचेच असल्याचे लिहिले. २०२१ मध्ये मध्य व दक्षिण इटलीतील ८२ व्यक्तींच्या प्राचीन डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा काळ इ.स.पू. ८०० ते इ.स. १००० असा आहे. त्यातील एट्रुस्कन व्यक्ती शेजारच्या लॅटिन लोकांसारख्याच आढळल्या आणि आशिया मायनरमधून अलीकडे झालेल्या स्थलांतराची खूण त्यांच्यात मिळाली नाही. सीमेवरच्या वस्त्या हा एट्रुरियातून बाहेर झालेला विस्तार आहे आणि त्याची दिशा जमिनीच्या व जलमार्गांच्या ओघाने ठरलेली आहे.

कळवा येथून एक वाचक : आपल्या महाराष्ट्रात त्या काळी अंत्यविधी कसे होते?

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगावचे उदाहरण काळाने सर्वांत जवळचे आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीची ही वस्ती इ.स.पू. ७०० च्या सुमारास संपली, म्हणजे व्हिलानोव्हा संस्कृतीची दोनेक शतके तिच्या अखेरच्या काळाशी जुळतात. तेथे मृतांना घराच्या जमिनीखाली पुरीत. मुलांना दोन रांजणांत तोंडाला तोंड लावून ठेवीत आणि प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. एका प्रौढ पुरुषाला मात्र चार पाय असलेल्या मोठ्या मातीच्या रांजणात, पावलांसह, बसवलेल्या स्थितीत पुरले होते. तो गावाचा प्रमुख असावा, असे मानतात. एट्रुस्कन वस्त्यांशी याचा कोणताही संबंध नव्हता. फरक मात्र अभ्यासण्यासारखा आहे: इनामगावात मृत घरातच राहत, तर व्हिलानोव्हा वस्त्यांत त्यांची जागा गावाबाहेर, बहुधा रस्त्यालगत, ठरलेली असे. सीमेवर ही बाहेरची जागा विशेष महत्त्वाची ठरली, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यांना गावापूर्वी गावाची थडगी दिसत.

वाशीहून एक वाचक लिहितात : माझी मुलगी बोलोन्यात शिकते. येत्या उन्हाळ्यात तिच्याकडे जाणार आहोत. यांपैकी काय पाहता येईल?

बोलोन्याच्या नगर पुरातत्त्व संग्रहालयापासून सुरुवात करा. व्हिलानोव्हा काळातील अस्थिकुंभांची इतकी मोठी मालिका अन्यत्र क्वचितच एकत्र पाहायला मिळते, आणि चेर्तोझा येथे सापडलेले, नक्षीच्या पट्ट्यांनी मढवलेले कांस्याचे भांडेही तेथेच आहे. त्यावरील वरच्या पट्ट्यांत शस्त्रधारी माणसे आणि मिरवणूक कोरलेली आहे. तेथून रेल्वेने रिमिनीला आणि पुढे रस्त्याने डोंगरावरील वेरुक्किओला जाता येते. जुन्या ऑगस्टिनियन मठातील संग्रहालयात वर वर्णन केलेले लाकडी सिंहासन, तृणमण्यांचे अलंकार आणि अंगवस्त्रे ठेवलेली आहेत. कापडाच्या दालनात घाई करू नका. एक दिवस अधिक असेल, तर फेराराला जा. १९२२ मध्ये दलदलीचा निचरा करताना सापडलेल्या स्पीना या नंतरच्या एट्रुस्कन बंदराच्या चार हजारांहून अधिक थडग्यांतील ग्रीक भांडी तेथील पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, आणि सीमेवरच्या याच व्यवहाराचे पुढच्या शतकांतील रूप त्यांत दिसते. दक्षिणेकडे जाणार असाल, तर सालेर्नोजवळच्या पोंतेकान्यानोचे राष्ट्रीय संग्रहालय चुकवू नका. त्याने आपल्या नावातच ‘सीमेवरचे एट्रुस्कन’ हे शब्द घेतले आहेत. वुल्चीतील सार्डिनियन कांस्यवस्तू रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहेत.